पंधरावा दात

११ मे १९९९, मंगळवार

डायरी माझ्या लेकाच्या, महेंद्राच्या ऑफिसातली, गेल्या सालची. वार चुकीचे छापलेत, ते खोडून मी माझे घालते. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, बनुबाई, रोज चार ओळी लिहीत जावा, न्हाईतर अक्षर मोडेल. सहा वर्षं झाली. अक्षर मोडलं न्हाई. चार ओळींत मात्र कधी भागलं न्हाई.

आज नात आली. क्रांती. सांगलीला इंजिनीरिंगला हाय. सुट्टीला आली ती तीन खोकी घेऊन. कॉम्प्युटर! पण तयार न्हाई, सगळे सुटे भाग. म्हणाली, आजी, मी हातानं जोडणार, गाड्यांचा गेम झक्कास पळेल असा. सून दीपमाला म्हणाली, आधी जेव, मग पळव.

मला गाड्यांचा गेम शिकवायची गरज न्हाई. फेब्रुवारीत हिच्या होस्टेलवर गेले होते, तवा हिच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर लाल गाडी चालवली. क्रांती चहा आणायला गेली होती, तेवढ्यात. समोर बटणं होती, मी दाबत गेले आणि गाडी सुटली ती सुटलीच. सगळ्यांना मागं टाकलं. कुठं धडक न्हाई, काही न्हाई. मधेच पदर सारखा करायला दोन्ही हात काढले तरी गाडी बरोब्बर वळली. चांगल्या गाडीचं असंच असतं, एकदा वळण लावलं की आपलं आपण जाते.

पहिला नंबर आला. बघायला कोण नव्हतं.

संध्याकाळी भिंतीवरून शेजारच्या सुलाबाईला सांगितलं. ती म्हणाली, तुला रस्ता वलांडायला माणूस लागतं गं बनुबाई. म्हटलं, रस्ता वेगळा आणि गाडी वेगळी. तेवीस तारखेला रविवारी चार वाजता ये, चालवून दाखवते.

१२ मे, बुधवार

क्रांतीनं सतरंजीवर सगळे भाग मांडलेत. हिरव्या पट्ट्या, सोनेरी दात, चपट्या वायरी. मी लांबूनच बघणार हाय. लहानांच्या कामात हात घालायचा न्हाई असं ठरवलंय.

दुपारी २. ती आंघोळीला गेली तवा जरा जवळून बघितलं. नुसतं बघितलं.

टीव्हीसारखा जो हाय त्याला मॉनिटर म्हणतात. त्याला मागून एक जाड वायर चिकटलेली हाय, ती कॉम्प्युटरच्या डब्यात खुपसायची. वायरीच्या तोंडात बारीक बारीक दात. तीन ओळी, एका ओळीत पाच. म्हणजे पंधरा. मोजले तर चौदाच! मधल्या ओळीत एक भोक रिकामं. चष्मा पुसून परत मोजले. चौदा. चाळीस वर्षं गोधड्या शिवते, टाका चुकला तर डोळे मिटून सांगेन.

दुकानदारानं पोरीला फसवलं. एवढ्या हौसेनं आणलंय, तिला सांगितलं तर रडेल. मी काय केलं, पोलक्याला टोचलेली बारीक सुई काढली, पक्कडीनं अर्धी मोडली आणि त्या भोकात दाबून बसवली. बाकीच्यांपेक्षा जरा वर राहिली. राहू दे, मजबूत झाली.

कोणाला सांगितलं न्हाई. चांगलं काम करून गप बसावं.

१३ मे, गुरुवार

जोडून झाला! वायर मीच खोचणार म्हणून हट्ट धरला. तोंड जरा गच्च होतं. बाजूचे दोन स्क्रू अर्धेच फिरले. क्रांती म्हणाली, नवीन आहे ना, म्हणून. म्हटलं, व्हय, नवी चप्पल पण चावतेच की.

बटण दाबलं. डब्यातला पंखा गरगरला. हिरवी लाईट लागली. एकदा पीं असं वाजलं. क्रांतीनं टाळ्या वाजवल्या, एक पीं म्हणजे सगळं ठीक.

आणि मॉनिटर काळाकुट्ट. बारकी पिवळी लाईट लुकलुकतेय आणि मधोमध इंग्रजीत पाटी. क्रांतीनं वाचून दाखवलं, नो सिग्नल. म्हणजे डब्यातून चित्र येतच न्हाई.

मी मनात म्हटलं, सिग्नल न्हाई म्हणजे काय हे या घरात माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता तवा सगळ्या आळीचे अँटेने मीच फिरवायचे. हे क्रांतीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, याला अँटेना नसतो. म्हटलं, तिथंच चुकलंय तुमचं.

१४ मे, शुक्रवार

सकाळी मॉनिटरवर तांब्याची तार आडवी ठेवली. फरक न्हाई. उभी ठेवली. फरक न्हाई. क्रांतीनं तार काढून घेतली.

तिनं मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. असं करतात म्हणे, मळ निघतो. खोडरबर माझा, वर्गातला. म्हणजे दुरुस्तीत माझा हात हाय. पट्टी बसवली. पीं. नो सिग्नल.

डिस्प्ले कार्ड काढलं, घासलं, बसवलं. पीं. नो सिग्नल.

मग वायर उपसून तिचं तोंड उजेडात धरलं. म्हणाली, एखादी पिन वाकली असेल. मी श्वास धरून उभी. बघून म्हणाली, सगळ्या सरळ आहेत. मला लय बरं वाटलं. माझी तर सगळ्यांत सरळ होती.

उद्यापासून यात लक्ष घालणार न्हाई. माझ्या वाटणीचं काम झालंय.

१५ मे, शनिवार

महेंद्र आज घरात होता. पोटचा पोर, पण साहेबासारखं बोलतो. डबा उघडा, भाग पसरलेले, क्रांती खाली वाकलेली. म्हणाला, क्रांते, मी तुला दिवाळीपासून सांगतोय, तयार घे. तू म्हणालीस, मला जोडता येतं. आता तेवीसच्या रविवारपर्यंत चित्र दिसलं तर ठेव. न्हाईतर सोमवारी सगळं खोक्यात भरून दुकानात परत. आणि पुढचं वर्ष गुमान अभ्यास.

पोरगी भाकरी अर्धी टाकून उठली.

मी महेंद्राला म्हटलं, तू सातवीत असताना रेडिओ उघडून बसला होतास, तो अजून माळ्यावर हाय, पिशवीत. तो म्हणाला, आये, म्हणून तर सांगतोय.

काळजी न्हाई. आठ दिवस हायत.

१६ मे, रविवार

विहारात वंदना झाली. नंतर बाया बसल्या होत्या, तवा सुलाबाई सगळ्यांत मुद्दाम म्हणाली, काय बनुबाई, गाडी निघाली का डेपोतून?

सगळ्या हसल्या. मग मला पण बोलावं लागलं. म्हटलं, तू एकटी कशाला, सगळ्याच या की. रविवारी, वंदना झाली की इथनं थेट घरी. चहा माझा.

एकवीस बाया मोजल्या.

घरी येऊन दीपमालेला सांगितलं. ती म्हणाली, आत्या, यंत्र बंद आहे ना? म्हटलं, आज बंद हाय. आमंत्रण रविवारचं हाय.

१७ मे, सोमवार

साताऱ्याहून सांगलीला गेलो, मी आणि क्रांती. डबा दुकानात दाखवायचा होता. मॉनिटर जड, तो घरीच ठेवला. डबा माझ्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. कराडपर्यंत शेजारची बाई बघत होती, शेवटी म्हणाली, किती महिन्यांचं हाय? म्हटलं, पाच दिवसांचं. म्हणाली, रडत न्हाई बाई अजिबात. म्हटलं, तेच तर दुखणं हाय.

क्रांती खिडकीकडं तोंड करून हसत होती. चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुकानदार आप्पासो म्हणून. हळदीच्या पेठेजवळ बोळात दुकान. आत गेलं की नाकात हळद आणि कानात पंखे. मला वाटलं होतं लबाड दिसेल. तर गोल चेहरा, कपाळाला गंध, या आजी, बसा आजी. खुर्ची पुसून दिली.

त्यानं डबा आपल्या मॉनिटरला लावला. बटण दाबलं. पीं. आणि चित्र! अक्षरं, रंग, सगळं. क्रांतीचं तोंड उघडंच. आप्पासो म्हणाला, डबा ठणठणीत आहे, जोडणी एकदम कंपनीसारखी, कुणी जोडलाय? क्रांती म्हणाली, मी. तो म्हणाला, मग उद्यापासून इथं कामाला ये.

मग म्हणाला, प्रवासात एखादी पट्टी हलून बसली असेल. घरी लावून बघा. न्हाईच दिसलं तर मॉनिटर आणा.

मी त्याला दाताचं सांगणार होते. तू चौदाच दात दिलेस, मी पंधरावा बसवला, असं. जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यानं चहा मागवला, त्याबरोबर भडंग. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. म्हटलं, भला माणूस हाय, चारचौघांत कशाला लाज काढायची. भडंग खाल्लं, गप बसले.

१८ मे, मंगळवार

घरी लावला. वायर मीच खोचली. पीं.

नो सिग्नल.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. सांगलीत दिसतं, साताऱ्यात दिसत न्हाई. का? सांगलीला सपाट माळ. आमच्या घराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा. सांगली पण दक्षिणेला. डोंगर आडवा येतोय! टीव्हीला पण हेच व्हायचं.

क्रांतीला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, आजी, चित्र सांगलीहून येत न्हाई, डब्यातून येतं. म्हटलं, आणि डबा कुठनं आलाय?

ती चप्पल घालून आप्पासोला फोन करायला निघाली.

ती एसटीडीवर गेली तवा दीपमालेला धरून टेबल फिरवलं. आता मॉनिटरचं तोंड डोंगराच्या बाजूनं मोकळ्या रस्त्याकडं हाय. दीपमालेची कंबर धरली. घरासाठी थोडं सोसावं लागतं.

१९ मे, बुधवार

टेबल परत होतं तिथं. महेंद्राच्या गुडघ्याला लागलं. त्यानं विचारलं, कुणी फिरवलं? मी विहारात गेले होते असं दीपमाला म्हणाली. गुणी सून हाय.

क्रांती दिवसभर डब्यापुढं. एक एक भाग काढते, घालते, वहीत लिहिते. माझ्यासारखीच हाय, लिहून ठेवणारी. संध्याकाळी म्हणाली, आजी, मला वाटतं मला खरंच येत न्हाई. पप्पा बरोबर बोलतात.

मी तिच्या डोक्याला तेल लावलं. म्हटलं, तुझा आजा मोट दुरुस्त करायचा, तवा आधी दोन दिवस मोटेपुढं बसून नुसता शिव्या द्यायचा. तू अजून एक पण दिली न्हाईस.

मग तिनं एक दिली. इंग्रजीत.

२० मे, गुरुवार

चित्र न्हाई तर न्हाई, सराव थांबवून कसं चालेल. कीबोर्ड सोडवून मांडीवर घेतला आणि पायरीवर बसले. डावं बटण, उजवं बटण. तोंडानं घुर्र करत होते. सात फेऱ्या मारल्या. सातही जिंकले.

सुलाबाई भिंतीवरनं बघत होती. म्हणाली, कुठवर आलीस? म्हटलं, कराड.

रविवारसाठी विहारातनं सतरंज्या सांगितल्या.

२१ मे, शुक्रवार

आप्पासोचा निरोप. मॉनिटर घेऊनच या, उद्या दुकान दुपारपर्यंत उघडं हाय.

महेंद्र म्हणाला, नेताय तर जाताना खोकी पण न्या, दोन फेऱ्या कशाला. मी म्हटलं, खोकी माळ्यावर रेडिओशेजारी ठेवलीत, तुझी तू काढ. गेला बाहेर.

क्रांतीनं तरीपण खोकी काढून दाराशी ठेवलीत. मी त्यांच्यावर गोधडी टाकली, दिसायला नकोत. एकवीस बायांचं पण आठवलं, पण आधी खोकी.

२२ मे, शनिवार

लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं. पण बाई म्हणाल्या होत्या, रोज.

मॉनिटर गोधडीत. यष्टीत माझ्या मांडीवर मावला न्हाई, सीटवर बसवला, मी उभी. कंडक्टर म्हणाला, म्हातारे, याचं तिकीट? क्रांती म्हणाली, तीन वर्षांच्या आतला आहे. कंडक्टर पण हसला.

आप्पासोनं मॉनिटर टेबलावर घेतला. वायरीचं तोंड बघितलं. परत बघितलं. भिंग आणलं. घड्याळजीसारखं डोळ्याला लावलं. म्हणाला, ताई, यात एक पिन जास्त आहे.

क्रांती म्हणाली, जास्त कशी असेल?

तो म्हणाला, ही जागा रिकामीच असते. समोरच्या बाजूला तिथं भोकच न्हाई. ही पिन आडवी येते, म्हणून वायर पुरी आत जात न्हाई. आणि ही लांब पण आहे. त्यानं बारीक चिमटा लावला, ओढलं, आणि काचेवर टिंग करून पडलं. उचलून धरलं. म्हणाला, ही तर सुई आहे. शिवायची.

क्रांतीनं सुईकडं बघितलं. मग माझ्या पोलक्याकडं बघितलं. माझ्या पोलक्याला कायम तीन सुया असतात, लहानपणापासून तिला माहीत हाय. दोनच होत्या.

मी पंख्याकडं बघत होते. लय धूळ होती पंख्यावर.

आप्पासो समजला. आतनं दुसऱ्या मॉनिटरची वायर आणली, माझ्या हातात दिली, म्हणाला, मोजा आजी. चौदा. आणखी एक दिली. चौदा. दुकानातल्या पाचही मोजल्या. सगळ्या चौदा.

म्हणजे कंपनीनं सगळ्यांनाच एक कमी दिलाय. आजवर कोणी मोजलं नव्हतं. मी मोजलं.

हे मी मोठ्यानं बोलले. आप्पासोनं भिंग लावूनच माझ्याकडं बघितलं. मग चहा मागवला. भडंग न्हाई.

वायर दुकानातल्या डब्याला लावली. या खेपेला क्रांतीनं. स्क्रू शेवटपर्यंत फिरले. चित्र आलं.

यष्टीत इस्लामपूरपर्यंत पोरगी खिडकीबाहेर बघत होती. कराडला तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. म्हणाली, आजी, तुझ्या गोधडीत मी कधी स्क्रू बसवलाय का गं? म्हटलं, न्हाई. पण बसवला असतास तर मी दहा दिवस शोधला असता, गोधडी परत पाठवली नसती.

मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं ते साताऱ्यापर्यंत. मॉनिटर तिच्या मांडीवर, ती माझ्यावर. माझा हात बधीर झाला. हलवला न्हाई.

महेंद्राला काय सांगायचं, मी विचारलं. ती म्हणाली, वायर नीट बसत नव्हती म्हणून सांगते. खरंच तर हाय.

२३ मे, रविवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

चित्र दिसलं. महेंद्रानं बघितलं, मान हलवली, खोकी स्वतः उचलून माळ्यावर ठेवली. राहिला कॉम्प्युटर. क्रांती उड्या मारत होती. ही आजची मुख्य गोष्ट. बाकी काय विशेष न्हाई.

बाया आल्या होत्या.

एकवीस म्हटलं होतं, अठ्ठावीस आल्या. सतरंज्या पुरल्या न्हाईत. मी नवं लुगडं नेसून खुर्चीवर. क्रांतीनं गेम लावला, म्हणाली, आजी, एंटर दाब. मी म्हटलं, सांगलीत एंटर बिंटर काय दाबलं नव्हतं, आपोआप सुटली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग कानाशी वाकून म्हणाली, आजी, कुणी काय दाबलं न्हाई तर कॉम्प्युटर स्वतःच चालवून दाखवतो. नमुना म्हणून. तो नमुना होता.

म्हटलं, हळू बोल.

एंटर दाबला. सगळ्या गाड्या गेल्या. माझी उभी. बटण दाबलं, मागं गेली. दुसरं दाबलं, भिंतीवर. तिसरं दाबलं, गोल गोल. पडद्यावर लाल अक्षरं आली. क्रांतीला विचारलं, काय लिहिलंय? म्हणाली, उलट्या दिशेनं चाललाय. सुलाबाई पुढं बसली होती, म्हणाली, माहेरी चालली असेल.

अठ्ठावीस बाया हसल्या. महेंद्र पण, दारात उभा राहून.

आठातला आठवा नंबर. क्रमांक तर आला.

चहा सगळ्यांना पुरला.

उद्यापासून त्या यंत्राला हात लावणार न्हाई.

२४ मे, सोमवार

दुपारी क्रांती गेम लावून न्हायला गेली. मी फक्त खुर्चीवर टेकले. काहीच दाबलं न्हाई. थोड्या वेळानं लाल गाडी सुटली. तशीच, फेब्रुवारीतल्यासारखी! काय सुंदर वळतेय, काय पळतेय.

खिडकीतनं हाक मारली, सुलाबाई, लवकर ये.

ती पिठाच्या हातानं आली. मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून ताठ बसलेले. बघ, म्हटलं, काल गर्दीमुळं जमलं न्हाई.

ती बघत राहिली. दोन वळणं झाली. मग तिनं माझा एक हात उचलून मांडीवर ठेवला. मग दुसरा.

गाडी पळतच होती. पहिली आली.

न्हाणीघरात क्रांतीचं पाणी वाजत होतं.

मग सुलाबाई पदराला पीठ पुसत म्हणाली, ऊठ, आता माझी पाळी.

उठले. ती बसली, दोन्ही हात ठेवले.

तिची पण पहिली आली.